भरल्या ताटावरून उठलेली अमेरिका

अमेरिकन सिनेमा बघताना मी अजूनही पडद्यावरच्या माणसांच्या चेहऱ्यांकडे बघत नाही, त्यांच्या ताटांकडे बघतो. नायिका रडत असते, मागे व्हायोलिन चालू असतं, माझी बायको रुमाल शोधत असते, आणि मी सोफ्यावरून पुढे वाकून बघत असतो की बाईंच्या पुढ्यातलं चिकन संपलंय का. संपलेलं नसतं. कधीच नसतं. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज येतो आणि माझ्या तोंडून आपसूक निघतं, "उठली!"

"तुला त्या मॅनेजरने बिघडवलंय," बायको म्हणते.

खरं आहे. पण मॅनेजरच्या बाबतीत मी काय केलं, ते तिला मी अजून नीट सांगितलेलं नाही. इथे लिहायला हरकत नाही. मराठी वाचायचा तिला कंटाळा आहे.

मॅनेजर म्हणजे पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्याच्या कॅन्टीनचे निवृत्त मॅनेजर. वर्षातले सहा महिने ते इथे, दक्षिण गोलार्धातल्या आमच्या शहरात, हिल्सबरोला मुलीकडे राहायला यायचे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक स्टीलचा चमचा. वर जावयाचं जुनं फ्लीसचं जॅकेट, खाली मोजे, आणि मोज्यांवर जॅन्डल्स, म्हणजे इथल्या अंगठ्याच्या रबरी चपला, त्यामुळे अंगठ्यापाशी मोजा चिमटीत धरल्यासारखा दिसायचा. तो चमचा शोभेचा नव्हता. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या जेवणाला ते सरळ पातेल्यापाशी जायचे, चमचाभर चाखायचे, आणि एका शब्दात निकाल द्यायचे. "मीठ." किंवा "तेल." एकदा माझ्या बायकोने ऑफिसातून येऊन धावतपळत केलेली उसळ त्यांनी चाखली आणि म्हणाले, "घाई." बायको आठवडाभर धुमसत होती, कारण निकाल बरोबर होता. पदार्थ उत्तम जमला असेल तर ते काहीच बोलत नसत, चमचा पुसून खिशात ठेवत. तो त्यांचा सर्वोच्च पुरस्कार. माझ्या माहितीत दोघांनाच मिळाला, त्यातली एक माझी आई. ती अजून सांगते.

आणि माणसं जेवत असताना ते कधी बसत नसत. भिंतीला टेकून उभे राहायचे आणि पानं बघायचे. "बसा ना काका" म्हटलं की म्हणायचे, "मॅनेजर बसला की भात करपतो."

आता हा माणूस अमेरिकन समाजाचा भाष्यकार कसा झाला, तर माझ्या चुकीमुळे. मंडळाच्या सभेत मी उठून बोललो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चुका मी उठून बोलल्यामुळे झालेल्या आहेत. "आपण किती दिवस मोदक स्पर्धाच भरवणार? काहीतरी वैचारिक करू या," मी म्हणालो. आणि योजना मांडली : 'आजचा अमेरिकन समाज, सिनेमाच्या आरशात'. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, न्यू लिनमधल्या एका छोट्या हॉलमध्ये ताजा अमेरिकन सिनेमा, त्यावर माझं वीस मिनिटांचं विवेचन, मग चर्चा. माझ्या डोळ्यांपुढे माझ्याच वयाचे आयटीवाले होते. हातात कॉफी, कपाळावर आठ्या, मधूनमधून 'व्यवस्था' हा शब्द.

पहिल्या शनिवारी हॉलच्या दारात एकेक गाडी थांबायला लागली. प्रत्येक गाडीतून एक आजी किंवा आजोबा उतरवले जात होते आणि गाडी पुढे मॉलकडे जात होती. "थँक्स हीप्स! साडेचारला नेतो हं त्यांना!" एकूण नऊ जण जमले. स्वेटर, कानटोप्या, थर्मास. तक्रार करायला मला तोंड नव्हतं, कारण नऊ जणांतली एक माझी आई होती आणि तिला मीच आणून बसवलं होतं.

दहा मिनिटांत आईने विचारलं, "अरे, तो काय पुटपुटतोय?" खाली अक्षरं उमटत होती, पण ती वाचून होईस्तोवर पुढची यायची. मग मी पडद्याशेजारी खुर्ची टाकून मराठीतून सांगायला बसलो. पाच दिवस दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि सहाव्या दिवशी नऊ म्हाताऱ्यांना अमेरिका समजावून सांगायची. पुढची साडेतीन वर्षं मी दमलेला होतो, त्याची सुरुवात त्या खुर्चीत झाली.

पहिला सिनेमा एका गावाचा होता. कारखाना बंद पडतो, कामगार देशोधडीला लागतात, आणि एकाला नोकरी मिळते ती त्याच बंद कारखान्याच्या पहारेकऱ्याची. मला हे फार आवडलं होतं. त्यासाठी मी वाक्य तयार करून आणलं होतं. "मंडळी, ही व्यवस्था माणसाला स्वतःच्याच थडग्याचा पहारेकरी बनवते..."

शेवटच्या रांगेतून आवाज आला, "समीक्षक, जरा मागे घ्या."

"काय झालं काका?"

"तो जेवत होता. उठला का?"

मी मागे घेतलं. पहारेकरी टेबलाशी बसलेला, मुलगी काहीतरी टोचून बोलते, तो काटा खाली ठेवतो आणि बाहेर जातो.

"उठला," मॅनेजर म्हणाले. "ताटात काय होतं?"

"काका, मुद्दा तो नाही. मुद्दा बेरोजगारीचा—"

"दोन चॉप, मटार, बटाटा. अर्ध्याहून जास्त उरलं. तुमचं ते थडगं राहू द्या. ते टाकलं कुठे, ते दाखवतात का बघा."

दाखवलं नाही. पण त्या दुपारी तो पहारेकरी आणखी दोनदा ताटावरून उठला, त्याची बायको एकदा, मुलगी एकदा. मॅनेजर दर वेळी "उठला", "उठली" असं ओरडत होते आणि शेवटी शेवटी बाकीचे आठही त्यांच्याबरोबर ओरडत होते. माझं विवेचन कुणी ऐकलं नाही. घरी जाताना आई म्हणाली, "छान झाला हो कार्यक्रम. मॅनेजर मजेशीर आहेत."

त्यांच्या या वेडामागे शास्त्र होतं. ते त्यांनी मला थर्मासमधला चहा ओतता ओतता सांगितलं.

"आमच्या कारखान्यात संप झाला ना, तो मला आठ दिवस आधी कळला. युनियनच्या पोरांनासुद्धा ठाऊक नव्हतं."

"ते कसं?"

"बादली. खरकट्याची बादली. भाजी तीच, मीठ तेच, माणसं तेवढीच, आणि बादली भरायला लागली. पोटात दुसरं काही जाऊन बसलं की भाताला जागा राहत नाही हो. वर जाऊन साहेबांना सांगितलं. साहेब हसले. नवव्या दिवशी गेट बंद." त्यांनी चहाचा घोट घेतला. "माणूस काय बोलतो ते लिहून ठेवू नये. ताटात काय टाकतो ते बघावं. तुमच्या अमेरिकेची बादली भरलीय."

माझी आई या सिद्धान्ताला लगेच शरण गेली नाही. "अहो मॅनेजरसाहेब, ते नट आहेत. एकच सीन वीस वेळा करतात. दर वेळी ताट संपवायचं म्हणजे पोट आहे की पिंप?"

"ते मलाही कळतं ताई. पण मारामारीला वेळ आहे, गाडी चालवायला तर अर्धा सिनेमा आहे, मग चार माणसं बसून जेवण संपवतात, याला दोन मिनिटं नाहीत? का नाहीत? कारण बघणारा म्हणेल, हे खोटं आहे, असं आमच्याकडे होत नाही."

 आईला गप्प बसवणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, वडील धरून.

साडेतीन वर्षांत किती सिनेमे झाले, आठवत नाही. सगळे एकमेकांत मिसळले आहेत. एक नर्स होती, दोन रुग्णालयांत नोकरी करणारी. ती पूर्ण सिनेमाभर गाडीत एका हाताने खायची. मॅनेजर म्हणाले, "हिला उठताच येत नाही. ही बसलेलीच नाही." एक श्रीमंत जोडपं होतं. त्यांच्या स्वयंपाकघरात मधोमध दगडी ओटा, त्यावर लग्नाची पंगत बसेल एवढा. आणि नवराबायको डब्यातून गार नूडल्स उभ्याने खायची. "घोडेसुद्धा बरे," मॅनेजर म्हणाले, "ते निदान एकाच वेळी खातात." एक युद्धावरून परतलेला सैनिक होता. ताटं वाजली की त्याचा घास अडायचा. त्या दिवशी मात्र कुणी "उठला" म्हटलं नाही. तो उठला तेव्हा मॅनेजर हळूच म्हणाले, "जाऊ दे त्याला."

मी घरी येऊन माझ्या टिपणांकडे बघायचो : भांडवलशाही, एकाकीपण, शस्त्रांचं वेड, स्वप्नभंग. मोठमोठे शब्द, आणि त्यातल्या एकाचीही बादली भरत नव्हती.

एका गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मॅनेजर न सांगता आमच्या घरी आले. मुलगी त्यांना दारात सोडून डेअरीत दूध आणायला गेली होती. मी दार उघडलं. माझ्या हातात वाडगा होता, कारण मी सिंकपाशी उभा राहून खिचडी खात होतो. बायको लॅपटॉपसमोर मीटिंगमध्ये, शेजारी अर्धं सँडविच. आई टीव्हीपुढे मांडीवर ताट घेऊन. वरून मुलगा ओरडला, "आयॅम ईटिंग इन माय रूम!"

मॅनेजर दारात उभे राहून सगळं बघत राहिले.

"समीक्षक," ते म्हणाले, "हा कुठला सिनेमा?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यांच्या मुलीने मला खरी गोष्ट सांगितली ती एका शनिवारी, साडेचारला, हॉलच्या बाहेर. मॅनेजर आत खुर्च्या रचत होते. ती गाडीला टेकून म्हणाली, "तुम्हाला वाटतं का, बाबा हे सिनेमे समाजासाठी बघतात?"

"नाही, ताटांसाठी."

"एका ताटासाठी." मग तिने सांगितलं. तिचा भाऊ अमेरिकेत होता. आई गेल्यावर घरात स्वयंपाक बाबाच करायचे. नऊ वर्षांपूर्वी भाऊ सुट्टीवर चिंचवडला आला होता. जाण्याच्या आदल्या दिवशी जेवताना त्याने सांगितलं, की तो आता तिकडेच कायमचा राहणार. बाबा वाढत होते. हातात डाव तसाच ठेवून म्हणाले, "बरं. मग हॉटेलात ठेवता तशी टिप ठेवून जा." भाऊ भरल्या ताटावरून उठला. "त्याच्या वरणावरचं तूप तसंच गोठलं होतं. बाबांनी ते ताट दुसऱ्या दिवशीपर्यंत उचलू दिलं नाही." तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. निरोप जायचे ते हिच्यामार्फत.

"दर सिनेमा संपला की गाडीत मला एकच विचारतात," ती म्हणाली. "'उठून गेलेला तिकडे परत येऊन बसतो का गं? म्हणजे पद्धत आहे का तशी?' मी काय सांगू? तुमच्या एकाही सिनेमात कुणी परत येत नाही."

"माझे नाहीत हो ते," मी म्हणालो. पण खरं तर दाखवणारा मीच होतो. मी एका माणसाला साडेतीन वर्षं नको असलेलं उत्तर दाखवत होतो, वर भाषांतर करून.

आता माझी चूक.

त्या महिन्यात ऑफिसात नवीन व्हर्जन जाणार होतं. मी रोज इतका दमून घरी यायचो की मोजे काढायच्या आधी झोप लागायची. "प्रत्येक सिनेमा मी आधी स्वतः बघतो," अशी बढाई मी सगळ्यांपुढे मारून ठेवली होती. त्या वेळचा मी बघितला नव्हता. लायब्ररीतून डीव्हीडी आणली, डब्याच्या पाठीवरचं वाचलं, आणि हॉल गाठला.

सिनेमा होता एका बापलेकाचा. सपाट प्रदेश, धान्याची उंच कोठारं, घरात काचेच्या कपाटात ओळीने बंदुका. मुलगा शाळाशिक्षक. त्याच्या शाळेत गोळीबार झालेला, तो आपल्याला दाखवत नाहीत, फक्त त्याचे हात दाखवतात. त्यांच्या वर्षातल्या मोठ्या सणाला, टर्की भाजतात त्या दिवशी, तो घरी येतो आणि वडिलांना म्हणतो, ते कपाट तरी बंद करा, कुलूप लावा. वडील म्हणतात, माझ्या घरात मला शिकवू नकोस. मुलगा उठतो.

"उठला!" आठ आवाज आले. नववा आला नाही.

पुढचं वर्ष जातं. त्या मुलाची आई वारते. म्हातारा एकटा. पुन्हा तो सण येतो. तो स्वतः टर्की भाजतो, बटाटे कुस्करतो, दोन ताटं मांडतो आणि बसतो. काहीच घडत नाही. घड्याळ दिसतं. खिडकी दिसते. मग बाहेर खडीवर गाडीची चाकं वाजतात. म्हातारा मान वर करतो...

आणि पडद्यावर हिरवे चौकोन.

मी डीव्हीडी काढली, फुंकली, शर्टाला पुसली. एक आजोबा म्हणाले, "टूथपेस्ट लावा." तेही केलं. हिरवे चौकोन आता पुदिन्याच्या वासाचे झाले.

"पुढे काय रे?" आईने विचारलं.

"समीक्षकांनी बघितलाय ना," कुणीतरी म्हणालं. "सांगा की."

मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. मॅनेजरांनी खिशातला चमचा काढून हातात धरला होता. का, ते त्यांनाही कळलं नसावं.

सरळ म्हणता आलं असतं की मी बघितला नाही. दोन शब्दांचं काम होतं. पण मी बढाईखोर, आणि शिवाय दमलेला. दमलेल्या माणसाला खोटं बोलायला कमी श्रम पडतात. मी सांगायला लागलो.

"तो मुलगाच असतो. आत येतो. दारात बूट काढतो. हात धुतो. काही न बोलता आपल्या जागेवर बसतो. म्हातारा वाढतो. तो जेवतो. म्हातारा पुन्हा बटाटा वाढायला येतो. मुलगा ताटावर आडवा हात धरतो, नको नको म्हणतो, पण म्हातारा वाढतोच. मग मुलगा तेही संपवतो. सगळं ताट स्वच्छ. संपला सिनेमा."

दोन आज्या डोळे पुसत होत्या. मलाच गहिवरून आलं होतं. जन्मभर दुसऱ्यांचं टेस्ट करत आलो, इतकं चांगलं स्वतः कधी काही बनवलं नव्हतं.

"आडवा हात धरतो?" मॅनेजरांनी विचारलं.

"हो."

"आणि वाढतो म्हातारा, तरी?"

"वाढतो."

त्यांनी चमचा शर्टाला पुसला आणि खिशात ठेवला. काही बोलले नाहीत.

सोमवारी त्यांच्या मुलीचा फोन आला.  "बाबांनी दादाला फोन केला. स्वतः. म्हणाले, 'ये. बटाटे करतो.' बास, एवढंच. आणि तो डिसेंबरात येतोय!" मी तिचं अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि जिन्यावर बसलो.

त्या आठवड्यात आमच्या जुन्या मशीनवर डीव्हीडी कशीबशी चालली आणि मी खरा शेवट बघितला. गाडी पार्सलवाल्याची असते. म्हातारा सही करतो, त्याला जेवायला बोलावतो. पार्सलवाला म्हणतो, गाडी भरलेली आहे हो, थांबता येत नाही. एक पाव हातात घेतो आणि खात खात निघून जातो. पार्सल मुलाने पाठवलेलं. उघडतो तर त्यात एक कुलूप. म्हातारा कुलूप टेबलावर ठेवतो आणि समोरच्या ताटाकडे बघत राहतो. संपला सिनेमा.

मी आईला सगळं सांगितलं, मॅनेजरांच्या मुलासकट. ती म्हणाली, "तू लहानपणी प्रगतिपुस्तकावर सही केली होतीस माझी, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं." मग जरा वेळाने, "त्यांना सांगू नकोस. आणि ती तबकडी परत देऊ नकोस, त्यांच्या मुलीच्या हाताला लागली तर?" अशा रीतीने लायब्ररीची डीव्हीडी माझ्या गाडीच्या सीटखाली गेली. ई-मेलवर स्मरणपत्रं येत राहिली. मी ती न उघडता पुसत राहिलो.

आणि मॅनेजर मला दर दोन दिवसांनी फोन करायचे. "समीक्षक, तो बटाटा दूध घालून कुस्करलेला होता की लोणी?" "लोणी." "मिरपूड दिसली का?" "थोडी." "म्हाताऱ्याने डाव कुठल्या हाताने धरला होता?" मी घामाघूम होऊन उत्तरं द्यायचो. खोट्याला इतके तपासणीचे प्रश्न, आमच्या भाषेत टेस्ट केस, असतात, हे माझ्या व्यवसायात असूनही मला माहीत नव्हतं.

डिसेंबरात, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातल्या एका दुपारी, आम्हाला हिल्सबरोला जेवायला बोलावलं. मी आणि आई गेलो. बायको कामावर होती, ते बरंच झालं. मॅनेजरांचा मुलगा पंचेचाळिशीचा, कानांवर पिकलेला, विमानप्रवासाने डोळे आत गेलेले. तिकडची त्याची नोकरी दोनदा गेली होती, हे बहिणीने आधीच दबक्या आवाजात सांगून ठेवलेलं. मला तो आमच्या सगळ्या सिनेमांतला वाटला. कधीही गाडीत बसून एका हाताने खायला लागेल असा.

बहिणीने सगळी भांडी टेबलाच्या मध्यावर मांडली होती. ज्याने त्याने घ्यायचं. त्यामुळे मॅनेजरांच्या हाताला कामच उरलं नाही. ते भिंतीला टेकून उभे राहिले.

"बसा ना बाबा," मुलगा म्हणाला.

"चालू द्या तुमचं."

मुलगा जेवला. वरणभात, बटाटा, काकडीची कोशिंबीर, सगळं. ताट इतकं स्वच्छ केलं की धुवायची गरज नव्हती. मग नॅपकिनने तोंड पुसून म्हणाला, "थँक्यू बाबा. व्हेरी नाइस."

मी मॅनेजरांकडे बघितलं. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते स्वच्छ ताट समोर होतं, आणि त्यांचा चेहरा उतरला होता. हॉटेलातलं गिऱ्हाईक उठायच्या आधी असंच बोलतं. नुसती टिप ठेवायची बाकी होती. मग विमानाबद्दल बोलणं झालं, इथल्या उन्हाबद्दल झालं, टौरंग्याच्या समुद्रकिनाऱ्यावर जायला किती वेळ लागतो त्याबद्दल झालं. सगळे दमून गेले.

अशा वेळी माझा फोन वाजला. ऑफिस. नवीन व्हर्जन कोसळलं होतं. मी अर्धं ताट तसंच टाकून उभा राहिलो.

"उठला!" आई ओरडली. साडेतीन वर्षांची सवय.

"काय उठला?" मुलाने विचारलं.

उत्तर आईने दिलं. आईला शेवटाकडून सुरुवातीकडे जायची सवय नाही, तिने पहिल्या पहारेकऱ्यापासून सगळं सांगितलं. बादली, नर्स, घोडे. तुझे बाबा इतक्या सिनेमांत फक्त उठून गेलेलं कुणी परत येतं का ते बघत होते, हेही सांगून टाकलं. आणि मग त्या शेवटच्या सिनेमातला मुलगा कसा परत आला, ते सांगायला लागली, आणि मधेच तिच्या लक्षात आलं, आणि ती थांबली. पण उशीर झाला होता.

"एक मिनिट," मुलगा म्हणाला. "बंदुकांचं कपाट? मी बघितलाय तो. त्यात मुलगा येत नाही. पार्सल येतं. कुलूप."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी एका हातात फोन घेऊन उभा होतो. फोनमधून कुणीतरी "हॅलो? हॅलो?" करत होतं.

"ठाऊक आहे मला," भिंतीपासून मॅनेजर म्हणाले.

"काका, तुम्हाला कधी..."

"त्याच शनिवारी. अहो, दारात बूट काढतो, हात धुतो, इथपर्यंत मी ऐकून घेतलं. पण ताटावर आडवा हात?" त्यांनी मान हलवली. "तिकडे कुणी कुणाला आग्रहाने वाढतं का, समीक्षक? कुणी वाढतच नाही तर हात आडवा कशाला धरेल? तुम्ही त्या म्हाताऱ्याला पार चिंचवडला आणून बसवलंत."

"मग ते लोणी, मिरपूड... सगळे फोन?"

"शिक्षा." पहिल्यांदा ते जरासे हसले.

मुलगा त्यांच्याकडे बघत होता. "मग तुम्ही मला फोन का केलात? खोटं आहे हे माहीत होतं तर?"

मॅनेजरांनी खिशातला चमचा चाचपला. मग म्हणाले, "त्या म्हाताऱ्याच्या मागे भिंतीवर फोन होता. पिवळा. पूर्ण सिनेमाभर दिसत होता. तो खिडकीकडे बघत होता आणि मी त्या फोनकडे. म्हटलं, उचल की लेका. कुणीतरी उचल."

पुढे फार काही घडलं, असं नाही. मुलगा सहा दिवसांनी परत गेला. रविवारी फोन यायला लागला, त्यात हवामान असायचं. शनिवारचा हॉल कसल्याशा व्यायामाच्या वर्गाला गेला. दोन हजार एकोणीसमध्ये मॅनेजर चिंचवडला गेले ते परत आले नाहीत, प्रवास झेपत नव्हता. लायब्ररीची डीव्हीडी मी अखेर एका सकाळी लवकर, कुणी बघत नाही असं पाहून परतीच्या पेटीत टाकली.

पण त्या दुपारी मॅनेजर भिंतीपासून निघाले, टेबलावरचं बटाट्याचं भांडं आणि डाव उचलला आणि मुलाच्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले. मुलाने वर बघितलंही नाही. त्याचा हात आपोआप ताटावर आडवा गेला.

"नको बाबा. बास. खरंच."

मॅनेजरांनी त्या हातावरूनच वाढलं. थोडं ताटात पडलं, थोडं बोटांवर.

मुलाने बोटं चाटली. "मीठ जास्त झालंय," तो म्हणाला.

"झालंय," मॅनेजर म्हणाले. "लक्ष नव्हतं."

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, रिकामं ताट पुढे घेतलं, आणि भांड्यातला उरलेला बटाटा स्वतःला वाढून घेतला. माझ्या फोनमधला माणूस अजून हॅलो हॅलो करत होता. मी तो बंद केला आणि माझ्या गार झालेल्या भातापाशी परत आलो.

"बसले," आई हळूच म्हणाली.

ती माझ्याबद्दल बोलत नव्हती. मला ती कधी अहोजाहो करत नाही.